टाकीचे तोंड

एखाद्या संस्थानिकाच्या जुन्या मोटारीपुढे उभे राहिलात तर नजर दिव्यांवर, जाळीवर जाते. पेट्रोलच्या टाकीकडे कोणी पाहत नाही. पाहू नये अशीच तिची मांडणी असे. १९२५ च्या रोल्स-रॉइस फँटमची टाकी मागे होती. पेट्रोल पुढे ओढायला ‘ऑटोव्हॅक’ नावाचे वेगळे यंत्र लागे. खर्च वाढे, पण गिऱ्हाईक तो सोसणारे होते.

फोर्डच्या १९२८ च्या ‘मॉडेल ए’ने उलट हिशेब मांडला. सुमारे ३८ लिटरची टाकी थेट डॅशबोर्डामागे, वरच्या काचेखाली. पेट्रोल आपल्या भाराने कार्बुरेटरमध्ये उतरे, पंपच नको. टाकीचा वरचा पत्रा हाच गाडीचा बाहेरचा पत्रा! आत तरंगणाऱ्या बुचाला जोडलेला आकडा डॅशबोर्डातल्या खिडकीतून दिसे. एका पत्र्यात इतकी कामे उरकणाऱ्याला मी दाद देतो. मात्र बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे एवढे पेट्रोल, हे डॉक्टर म्हणून मला कधीच पटले नाही.

श्रीमंती गाड्यांची हौस पुढेच गेली. १९४१ मध्ये कॅडिलॅकने टाकीचे झाकणसुद्धा मागच्या डाव्या दिव्याखाली दडवले. दिवा वर उचलायचा, मग तोंड सापडायचे. नवख्या पंपवाल्याने गाडीभोवती चक्कर मारली तर त्याला दोष कसा द्यावा?