उसने मरण : सुपरहीरोपटांच्या दुबळ्या कथेचा पूर्वेतिहास

सुपरहीरोंच्या चित्रपटमालिकांविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते : दृश्ये डोळे दिपवणारी, पण कथा पातळ आणि पात्रे जिथल्या तिथे. त्याचे खापर सहसा पटकथालेखकांच्या आळसावर, संगणकीय करामतींवर किंवा प्रेक्षकांच्या अभिरुचीवर फोडले जाते. आम्हांला हे निदान अपुरे वाटते. हे दुखणे चित्रपटांच्या आधीचे आहे. ज्या कॉमिक्समधून हे नायक आले, त्यांच्या मालकीच्या व्यवहारात त्याचे मूळ सापडते.

१९३८ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला. जेरी सीगल आणि जो शुस्टर या त्याच्या तरुण निर्मात्यांनी त्या कथेबरोबर पात्राचे हक्कही १३० डॉलरना प्रकाशकाला विकून टाकले. साहित्याच्या अभ्यासकाने हा व्यवहार ध्यानात ठेवावा असा आहे. कादंबरीतले पात्र लेखकाच्या हाती असते; तो त्याला वाढवतो, मोडतो, प्रसंगी मारतो. इथे पात्र ही मालमत्ता झाली. लेखक येत-जात राहिले आणि पात्र कंपनीकडे राहिले. मालमत्ता झिजू नये, एवढीच मालकाची अपेक्षा असते.

या अपेक्षेचा कथेवर काय परिणाम होतो, हे उंबेर्तो एको यांनी १९६२ साली सुपरमॅनवरील निबंधात उलगडून दाखवले. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : पुराणातल्या नायकाची कथा घडून गेलेली असते आणि श्रोत्यांना ती ठाऊक असते. कादंबरीच्या वाचकाला मात्र पुढे काय होणार याची उत्सुकता हवी असते. सुपरमॅनला एकाच वेळी पुराणपुरुषासारखे अचल राहावे लागते आणि कादंबरीच्या नायकासारखे नित्य नवे काही करावेही लागते. पण खरी कृती माणसाला खर्च करते. सुपरमॅनने लग्न केले तर ते मागे न घेता येणारे पाऊल ठरेल, आणि अशी पावले अखेर मृत्यूकडे जातात. म्हणून त्याच्या कथांतला काळच धूसर ठेवावा लागतो.

मार्व्हलच्या लेखकांनी हा धूसर काळ काही अंशी मोडून पाहिला, हे मान्य केले पाहिजे. १९६२ साली अवतरलेला स्पायडरमॅन, म्हणजे पीटर पार्कर, शाळेतून महाविद्यालयात गेला. १९७३ साली त्याची प्रेयसी ग्वेन स्टेसी त्याच्या डोळ्यांदेखत मेली. १९८७ साली मेरी जेनशी त्याचे लग्न झाले. मात्र विवाहित नायकामुळे कथांना मर्यादा येतात, असे पुढच्या काळातले मुख्य संपादक जो केसाडा यांचे उघड मत होते. २००७ साली मेफिस्टो या सैतानाशी झालेल्या सौद्यात ते लग्न झालेच नव्हते असे ठरवण्यात आले. वीस वर्षांचा संसार एका कथानकात पुसला गेला. त्याआधी १९९२ साली गाजावाजा करून मारलेला सुपरमॅन १९९३ साली परतलाही होता.

चित्रपटांना हा वारसा आयताच मिळाला. १९७८ च्या ‘सुपरमॅन’मध्ये लोइस लेन मरते आणि नायक काळ उलटा फिरवून तिला परत आणतो. डिस्नेने २००९ साली सुमारे चार अब्ज डॉलरना मार्व्हल विकत घेण्याचा करार केल्यावर मालमत्तेचे मोल आणखी वाढले. २०१८ च्या ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये निम्मी जीवसृष्टी राख होते. त्यात स्पायडरमॅनही जातो. परंतु त्याचा पुढचा चित्रपट आधीच ठरलेला असल्याने प्रेक्षकाला त्या राखेचे भय उरत नाही. अभिनेता जीव ओतून मरतो आणि प्रेक्षक मनात वेळापत्रक चाळतो.

हे चित्रपट पुराणांसारखे आहेत, त्यांच्याकडून कादंबरीच्या अपेक्षा कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु पुराणकथा मरणाला बगल देत नाही. शिवाजी सावंतांनी १९६७ साली ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण नव्याने सांगितला, तरी त्याचे मरण टाळले नाही. शेवट ठाऊक असूनही, किंबहुना म्हणूनच, कवचकुंडले देणाऱ्या कर्णाचे दान जड वाटते. पुनःकथन हा दोष नाही. कोणतीच गोष्ट कायमची घडू न देणे हा दोष आहे.

सुपरहीरोपटाला हे साधणारच नाही, असेही नाही. जेम्स मॅन्गोल्ड यांच्या २०१७ च्या ‘लोगन’मध्ये वुल्व्हरिन म्हातारा झाला आहे. त्याच्या जखमा पूर्वीसारख्या भरत नाहीत आणि बुद्धी ढळत चाललेल्या वृद्ध गुरूला तो औषधे देतो, उचलून नेतो. अखेर तो एका मुलीसाठी मरतो. ती त्याच्या थडग्यावरचा क्रूस तिरका करून ‘एक्स’ करते. या शेवटामुळे आधीच्या प्रत्येक कृतीला वजन येते.

२०२४ चा ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ तेच थडगे उकरून सुरू होतो. आतली हाडे विनोदी हाणामारीत शस्त्रे म्हणून वापरली जातात आणि दुसऱ्या विश्वातून दुसरा वुल्व्हरिन आणला जातो. चित्रपट स्वतःच्या निर्लज्जपणावर स्वतःच हसतो, हे त्याचे चातुर्य. जगभरात त्याने १३० कोटी डॉलरहून अधिक कमावले. थडगे का उकरले, या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यात आहे.

आमच्या वर्गांतले विद्यार्थी याच कथांवर वाढलेले आहेत. शोकांतिका शिकवताना, अमुक पात्र परत का येत नाही, असे कोणी विचारले तर त्याला हसू नये. हे दोन चित्रपट त्याच्यासमोर शेजारी ठेवावेत आणि लोगनने त्या मुलीसाठी काय दिले, हे दोन्ही चित्रपट पाहून झाल्यावर त्यालाच सांगू द्यावे.