आपण नसताना ते काय बोलतात?

२०१९ च्या पावसाळ्यात बाबा गेले. त्यानंतर दोनेक महिने मला रात्री झोप यायची नाही. बोरिवलीच्या आमच्या वन-बीएचकेत आई आतल्या खोलीत झोपलेली असायची आणि मी बाहेर हेडफोन लावून 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन' खेळत बसायचो. गेम जुना होता, २०१४ चा. आधी एकदा खेळून संपवलेलाही होता. काही नवं बघायचं नव्हतं, म्हणूनच तो लावला होता.

एका रात्री माझ्या पार्टीत दोघं होते. आयर्न बुल, म्हणजे शिंगं असलेला आडदांड भाडोत्री सैनिक. आणि सोलास, हा टकला, शांत, सतत काहीतरी लपवणारा जादूगार. मी जंगलातून चाललो होतो आणि मागे ते दोघं बुद्धिबळ खेळत होते. समोर पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण चाल सांगतो. मग मध्ये एखादी लढाई होते, आपण एखादी नदी ओलांडतो, आणि बऱ्याच वेळाने दुसरा उत्तराची चाल सांगतो. पहिल्यांदा खेळताना हे माझ्या कानावरून गेलं असणार. या वेळी मी नीट ऐकलं. त्या कथेत मी जगाचा तारणहार वगैरे होतो. पण डावात मला कोणी विचारलं नाही, कोण जिंकतंय हे मला समजावूनही कोणी सांगितलं नाही.

ते ऐकून मला इतकं बरं का वाटलं, हे शेवटी सांगतो. त्याआधी हे दोघं एकमेकांशी बोलायला कधी आणि कसे शिकले, ते बघू. कारण सुरुवातीला त्यांना बोलताच येत नव्हतं.

मुकी पार्टी

आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम. तुम्ही एक नायक किंवा नायिका होता, सोबत तीन-चार जणांची टोळी घेता आणि मोहिमेवर निघता. या टोळीला 'पार्टी' म्हणतात आणि टोळीतल्या सोबत्यांना 'कम्पॅनियन'. १९८१ च्या 'विझार्ड्री'मध्ये सहा जणांची पार्टी होती, पण ते सहाही जण तुम्हीच बनवायचे. नाव तुम्ही द्यायचं, ताकद किती ते तुम्ही ठरवायचं. तोंडातून शब्द नाही. त्यांच्यातली भांडणं, मैत्री, सगळं खेळणाऱ्याच्या डोक्यात.

१९८५ मध्ये 'अल्टिमा ४' आला. त्यात सोबत्यांना नावं होती, गावं होती. आयोलो, शमिनो, डुप्रे ही त्यातली गाजलेली नावं. गंमत म्हणजे गेम बनवणाऱ्या रिचर्ड गॅरियटने शमिनो स्वतःवरून घेतला होता, आणि आयोलो आणि डुप्रे आपल्या खऱ्या मित्रांवरून. खऱ्या आयुष्यात ही माणसं एकमेकांशी भरपूर बोलत असणार. गेममध्ये मात्र ती एकदा का पार्टीत आली, की गप्प. सात वर्षांनी, १९९२ च्या 'अल्टिमा ७'मध्ये, हीच मंडळी मध्येच तोंड घालू लागली, भूक लागली म्हणून कुरकुरू लागली.

जपानमध्ये वेगळ्या वाटेने काम चाललं होतं. १९९१ च्या 'फायनल फँटसी ४'मध्ये सेसिल, त्याचा मित्र केन आणि रोझा यांचा त्रिकोण होता. केनचं रोझावर प्रेम, रोझाचं सेसिलवर. पार्टीतला माणूस पार्टीतल्याच माणसावर जळतो आणि दगा देतो, हे त्यात होतं. पण ते नाटकासारखं ठरलेलं होतं. तुम्ही कसंही खेळा, प्रसंग तोच येणार.

तीनशे जोड्या

मग १९९८ मध्ये कॅनडातल्या बायोवेअर कंपनीचा 'बॉल्डर्स गेट' आला. यात घेता येतील असे २५ सोबती होते. एका वेळी नायक धरून सहा जण. आणि इथे खेळणाऱ्याला एक विचित्र अनुभव आला: आपली माणसं आपल्याला न विचारता वागतात. जहिरा आणि खालिद हे नवराबायको. एकाला काढलं की दुसराही निघून जातो. एडविन तुमच्याकडे येतो तोच डायनाहेर नावाच्या बाईला मारायची मागणी घेऊन. आणि मिन्स्क हा त्याच बाईचा रक्षक. दोघांना एकत्र ठेवलंत, तर एक दिवस तलवारी निघणार.

इथे जरा गणित करू. सहा जणांच्या ग्रुपमध्ये जोड्या किती? पंधरा. नऊ जणांमध्ये ३६. आणि २५ सोबत्यांमध्ये? ३००. प्रत्येक जोडीसाठी दोन-दोनच संवाद लिहायचे म्हटले तरी सहाशे झाले. वर प्रत्येक संवादाआधी प्रोग्रॅमला तपासावं लागतं: दोघं आत्ता पार्टीत आहेत का? दोघं जिवंत आहेत का? हे आधी बोलून झालंय का? मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे हा आकडा बघून मला लिहिणाऱ्यांइतकीच टेस्टिंग करणाऱ्यांचीही दया आली.

इंजिनिअरिंगला असताना नेटवर्किंगच्या पेपरात स्टार टोपॉलॉजी यायची. मध्ये एक हब, बाकी सगळे कॉम्प्युटर त्या हबला जोडलेले, एकमेकांना थेट नाही. स्वस्त, सोपं, सांभाळायला बरं. तोटा लिहा म्हटलं की सगळे एकच वाक्य लिहायचे: हब बंद पडला की नेटवर्क बंद. बहुतेक गेममधली पार्टी अशीच स्टार असते. नायक हा हब. सगळे त्याच्याशी बोलतात, त्याच्यावर रुसतात, त्याच्या प्रेमात पडतात. एकमेकांत वायर टाकायची तर खर्च वाढतो.

बायोवेअरने २००० च्या 'बॉल्डर्स गेट २'मध्ये सोबती १६ वर आणले आणि वायरी मात्र कितीतरी वाढवल्या. ठरावीक वेळाने पार्टीतलं कोणीतरी कोणाशी तरी बोलायला लागतं. जान जान्सन सलगमांच्या न संपणाऱ्या गोष्टी सांगून सगळ्यांना पिडतो. केल्डॉर्न हा धर्मनिष्ठ म्हातारा व्हिकोनियाच्या जिवावर उठतो. आणि सुरुवातीलाच एका तळघरात जहिराला खालिदचं प्रेत सापडतं. तिच्या त्या रडण्यात नायकाला जागा नाही. तो बाजूला उभा राहतो. आधीचा गेम खेळलेल्या कित्येकांना तो प्रसंग आजही आठवतो, तो यामुळेच.

आकडा आणि गप्पा

२००९ चा 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' या बाबतीत फार प्रामाणिक आहे. त्यात प्रत्येक सोबत्याचं तुमच्याविषयीचं मत हा एक आकडा असतो, उणे शंभर ते अधिक शंभर. भेटवस्तू दिली की वाढतो, मनाविरुद्ध वागलात की घसरतो. पण ॲलिस्टेअर आणि मॉरिगन सबंध गेमभर एकमेकांना टोमणे मारतात, त्यांच्यातल्या नात्याचा आकडा कुठेच दाखवलेला नाही. तिथे फक्त कोणीतरी बसून लिहिलेले शब्द आहेत. तुमच्याशी असलेलं नातं मोजता येतं, वाढवता येतं, थोडक्यात विकत घेता येतं. त्यांचं आपसातलं नातं फक्त ऐकता येतं.

पुढच्या काही वर्षांत याहून धीट गोष्ट घडली. २०११ च्या 'ड्रॅगन एज २'मध्ये तुम्ही एका सोबत्याच्या घरी जाता, तर तिथे दुसरा आधीच येऊन गप्पा मारत बसलेला असतो. त्याच गेममध्ये तुम्ही फेन्रिस आणि इझाबेला या दोघांपैकी कोणाच्याच प्रेमात पडला नाहीत, तर ते एकमेकांकडे वळू शकतात. २०१२ च्या 'मास इफेक्ट ३'मध्ये गॅरस आणि टाली यांचं तसंच. 'इन्क्विझिशन'मध्ये बुल आणि डोरियनचं तसंच. अट एकच: तुम्ही बाजूला राहायचं. नायकाने काही न केल्यामुळे घडणारी गोष्ट लिहायला पैसे खर्च करणं हे गेमच्या धंद्याच्या उलट आहे. खेळणारा साठ तास घालवतो ते आपण महत्त्वाचे आहोत असं वाटावं म्हणून. २०२३ च्या 'बॉल्डर्स गेट ३'मध्ये शॅडोहार्ट आणि लेझेल रात्री एकमेकींच्या गळ्यावर सुरी धरतात आणि तुम्ही आवाजाने जागे होता, तेव्हा हीच गोष्ट आता सवयीची झालेली दिसते.

मराठीतली जुनी पार्टी

आपल्याकडे असं काही आहे का, हे शोधताना मी आधी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' खेळलो, २०२० चा. त्यात राजी हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत एकटीच फिरते, सोबती कोणी नाही. पण वरून दुर्गा आणि विष्णू तिच्याकडे बघत एकमेकांशी बोलत असतात. तिला ते ऐकू येत नाही, आपल्याला येतं. म्हणजे पार्टी नसलेल्या गेममध्येही ही भूक शिल्लक राहिली होती: कुणीतरी आपल्याबद्दल, पण आपल्याशी नाही, असं बोलावं.

मग फार मागे गेलो. 'लीळाचरित्र' हे नाव शाळेत एका मार्काच्या प्रश्नापुरतं ऐकलेलं: मराठीतला आद्य गद्य ग्रंथ, म्हाइंभट, १२७८ चा सुमार. प्रत्यक्ष वाचायला घेतलं आणि वेगळंच काही हाती आलं. चक्रधरस्वामी गावोगाव हिंडताहेत आणि सोबत माणसं आहेत: बाइसा, नागदेव, महदाइसा, आउसा. त्यात तत्त्वज्ञान आहेच. पण कोण कोणावर रागावलं, जेवणावरून काय झालं, कोणी कोणाला काय विचारलं, हेही आहे. म्हाइंभटांनी हे गोळा केलं ते त्या त्या वेळी हजर असलेल्यांना जाऊन विचारून. आणि एकच प्रसंग दोघांना वेगळा आठवत असेल, तर ती वेगळी आठवणही पोथ्यांमध्ये नोंदलेली सापडते. अमक्याचं म्हणणं असं, तमक्याचं तसं.

त्याच्यापुढचा ग्रंथ 'स्मृतिस्थळ'. स्वामी निघून गेले आहेत. आता नागदेवाचार्यांभोवतीची मंडळी आपापसात कशी राहतात, त्याच्या आठवणी त्यात आहेत. हे श्रद्धेचे ग्रंथ आहेत, मी त्यांची गेमशी बरोबरी करत नाही. पण मध्यभागी असलेलं माणूस गेल्यावर बाकीच्यांचं एकमेकांशी काय उरतं, या प्रश्नासाठी मराठीत सातशे वर्षांपूर्वीचं एक अख्खं पुस्तक आहे, हे मला माहीत नव्हतं.

चार काका

आता बाबांचं. ते पंचवीस वर्षं सकाळी एकच लोकल पकडायचे, बोरिवलीहून सुटणारी, अंधेरीपर्यंत स्लो आणि पुढे फास्ट. सेकंड क्लास, ठरलेला डबा, ठरलेला ग्रुप. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला हार, आरती, पेढे. घरी मला त्यांच्या फक्त गोष्टी माहीत. गोष्टींमध्ये बाबा हिरो आणि बाकीचे 'आमचे मालाडवाले', 'आमचे अंधेरीवाले'.

सगळ्यात मोठी गोष्ट २६ जुलै २००५ ची. मी नऊ वर्षांचा होतो. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. म्हणूनच चर्चगेटला ऑफिस असलेल्यांना पुढे काय वाढून ठेवलंय याचा अंदाज आला नाही, आणि ते नेहमीसारखे गाडीत बसले. गाडी वांद्र्यापुढे अडकली. बाबा सांगायचे ते असं: अंधार पडल्यावर त्यांनी सगळ्यांना खाली उतरवलं, एकमेकांच्या बॅगांचे पट्टे धरायला लावले आणि रुळांवरून खारपर्यंत नेलं. तिथून एस. व्ही. रोडने चालत. दुसऱ्या दिवशी अकराला ते घरी आले तेव्हा पायात एकच बूट होता. मी ही गोष्ट शाळेत निबंधात लिहिली होती.

तेराव्याला ग्रुपमधले चौघे काका आले. थोडा वेळ सगळे माझ्याशी आणि आईशी बोलले, रीतीप्रमाणे. मग कोणीतरी २६ जुलै काढली. मालाडवाले म्हणाले, "अरे तो उतरायलाच तयार नव्हता. तासभर दांडा धरून उभा." अंधेरीवाले म्हणाले, "तासभर कुठला, वीस मिनिटं. आणि छत्री तू पुढे केलीस? मी केली." तिसरे म्हणाले, पार्ले-जीचा पुडा त्यांच्या डब्याच्या पिशवीत होता आणि तो बाबांनी एकट्याने अर्धा संपवला. चौथे बराच वेळ गप्प होते. ते म्हणाले, "घाबरला होता, पण जोगेश्वरीला मला चक्कर आली तेव्हा थांबला तो एकटाच." मग ती जोगेश्वरी की गोरेगाव यावरून जुंपली. अर्धा तास. चहा निवला. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

मला राग यायला हवा होता. माझ्या निबंधातला हिरो दांडा धरून उभा होता. पण मी ऐकत राहिलो. मला कधीच न दिसलेले बाबा त्या चौघांच्या मध्ये उभे होते. घाबरलेले, बिस्किटं खाणारे, कोणासाठी तरी थांबणारे. माझ्याशी काही संबंध नसलेले. ते त्यांच्या पार्टीत साधे सोबती होते.

बुल आणि सोलासचा डाव ऐकताना मला तो अर्धा तास आठवला होता.

ग्रुप मोडेल असं मला वाटलं होतं, कारण माझ्या समजुतीत हब बाबा होते. २०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाल्या, तेव्हा तर खात्रीच झाली. पण लोकल सुरू झाल्यावर तीन जण त्याच डब्यात परत आले. मालाडवाले रिटायर झाले. गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम ती गाडी पकडली. हार लागला होता, पेढ्यांचा बॉक्स फिरत होता आणि अंधेरीवाले कोणा नव्या मुलाला २६ जुलै सांगत होते. आता त्यात पार्ले-जीचा पुडा त्यांचा स्वतःचा झाला होता.

मी दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि गप्प बसलो. त्या रात्री मी तिथे नव्हतो.