काचेची तार: वेशीपासून माजघरापर्यंत

पुण्यात १९७९ साली दोन टेलिफोन केंद्रांमध्ये काचेची तार टाकली गेली. तांब्याच्या जागी काच आणि विजेच्या जागी प्रकाश. देशात स्थानिक टेलिफोन केंद्रं जोडण्यासाठी वापरलेली ही पहिली ऑप्टिकल फायबर. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने प्रकाश लांबवर नेण्याइतकी निर्मळ काच १९७० मध्ये बनवली होती, आणि नऊ वर्षांत ती पुण्यात येऊन कामाला लागली. त्याच पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरच्या गावांत, माजघराच्या भिंतीपर्यंत ती यायला मात्र पुढची चाळीस वर्षं गेली.

काच होती, कारखाने होते, पुढे पैसाही आला. अडलं होतं ते वेशीपासून घरापर्यंतच्या शेवटच्या तुकड्यापाशी. तो तुकडा कुणी ओढायचा, कुणी जोडायचा आणि पावसाळ्यात तुटला की रात्री शिडी घेऊन कुणी यायचं, हे ठरेपर्यंत गावातलं नेट काही सुरू झालं नाही.

पुण्यात काच आली तेव्हा गावाकडे फोन म्हणजे पोस्टातला ट्रंक कॉल. नंबर नोंदवायचा आणि बाकावर बसून राहायचं. या अवस्थेला पहिला मोठा धक्का दिला तो सी-डॉटने. सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने धूळ आणि उकाडा सोसणारं, वातानुकूलित खोली न लागणारं १२८ लाइनींचं ग्रामीण टेलिफोन केंद्र तयार केलं. पहिलं केंद्र १९८६ मध्ये बसलं ते बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला. ज्या गावांपर्यंत तार नेणं परवडत नव्हतं, तिथे रेडिओवर चालणारे फोन आले. त्यातल्या एका पद्धतीत दोन वाहिन्यांवर पंधरा फोन चालत, म्हणजे दोन ठिकाणी बोलणं सुरू असेल तर उरलेल्या तेरांनी थांबायचं. बॅटरी उतरली किंवा वाऱ्याने अँटेना फिरली की फोन मुका. तालुक्याहून माणूस येऊन तो दुरुस्त करीपर्यंत गावाला त्याची सवयच उरत नसे. पुढे सरकारला हे फोन दुसऱ्या तंत्राने बदलून द्यावे लागले.

मग वारणेचा प्रयोग झाला, आणि या इतिहासात तो सविस्तर सांगण्यासारखा आहे. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांच्या सीमेवर तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकाराचं केंद्र म्हणजे वारणानगर. १९९८ मध्ये तिथल्या ७० गावांना संगणकाने जोडायची योजना सुरू झाली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह असे तिघे त्यात होते. गावोगावी संगणक केंद्रं निघाली. शेतकऱ्याला बाजारभाव कळतील, जमिनीचे उतारे मिळतील, पोरं संगणक शिकतील, अशी मोठी उमेद होती. प्रत्यक्षात त्या केंद्रांवर लोक रोज आले ते उसाच्या हिशोबासाठी. आपली तोड कधी, वजन किती भरलं, खत किती उचललं, बिल किती निघालं, हे विचारायला. कारखान्याच्या पावतीवरचा आकडा आपल्याच गावात कळू लागला, ही उसकऱ्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

पण संगणक जुने झाले, लाइनी कुरकुरू लागल्या, दुरुस्तीचा खर्च वाढत गेला. २००६-०७ च्या सुमारास बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल देऊन पाहिला. उसाची तीच माहिती एसएमएसने येऊ-जाऊ लागली, आणि काम स्वस्तात भागलं. पुष्कळांनी याचा अर्थ असा लावला की खेड्याला मोठ्या जोडणीची गरज नाही. तो अर्थ चुकीचा होता. वारणेने एवढंच दाखवलं होतं की रोज लागणारं काम असेल तर गाव जोडणी टिकवतं, आणि ती जोडणी सांभाळणारा हाताशी नसेल तर चांगली यंत्रंही धूळ खातात.

२०११ मध्ये दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. महाराष्ट्रात ‘संग्राम’ प्रकल्पाखाली ग्रामपंचायतींत संगणक आणि ते चालवणारी मुलं-मुली आली. दाखले, नोंदी, जमाखर्च हे सगळं संगणकावर करायचं होतं. नेटची बोंब असलेल्या गावांत ही मंडळी दिवसभर माहिती भरून ठेवत आणि पेनड्राइव्ह घेऊन तालुक्याची एसटी पकडत. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला मंजुरी दिली. अजमेरजवळचं अराईं, विशाखापट्टणमजवळचं परवाडा आणि त्रिपुरातलं पानिसागर इथे आधी चाचणी झाली. पुढे या योजनेला ‘भारतनेट’ हे नाव मिळालं, आणि डिसेंबर २०१७ मध्ये एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने हे काम राज्याच्या हाती घेतलं आणि ‘महानेट’ नावाने महाआयटी या सरकारी कंपनीकडे सोपवलं.

कागदावर सोपं दिसणारं हे काम जमिनीवर किती जड होतं! भूमिगत केबलसाठी दूरसंचार खात्याचं माप १.६५ मीटर खोलीचं. म्हणजे उभा माणूस जवळजवळ डोक्यापर्यंत आत जाईल एवढा चर. विदर्भाच्या काळ्या मातीत तो खणता येतो, पण सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात दिवसभर ब्रेकर चालवूनही चर काही मीटरच पुढे सरकतो. तिथे खोली कमी करून पाइपावर काँक्रीट घालावं लागतं. खणून, पाइप टाकून, केबल ओढून बुजवलं की काही महिन्यांत रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी येतो, आणि पाणीपुरवठ्याच्या चरासाठी आणखी एक. फायबर तुटण्याचं सर्वांत मोठं कारण आजही जेसीबीच आहे. सुरुवातीची रचना एकामागून एक गाव जोडत जाणारी होती. अलीकडे कट गेला की पलीकडची सगळी गावं बंद.

आणि पंचायतीत पोचलेली तार तिथेच थांबत होती. सरपंचांच्या खोलीत भिंतीवर डबा लागे, त्याखाली बॅटरी असे. वीज गेली, बॅटरी संपली, खोलीला कुलूप लागलं की नेटही गेलं. शाळा पन्नास पावलांवर, पण तिथवर वायर ओढणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं.

ते काम अखेर केलं गावातल्या केबलवाल्याने. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, तेव्हा याच माणसाने गच्चीवर छत्री बसवून नारळाच्या झाडांवरून, विजेच्या खांबांवरून काळी वायर घरोघर नेली होती. कुणाच्या घराला मागचं दार कुठे, कोण महिन्याच्या कितव्या तारखेला पैसे देतं, कुणाच्या अंगणातून वायर नेली तर भांडण होईल, हे त्याला पाठ. २०१६ मध्ये जिओ आला आणि लोक मोबाइलवर मालिका पाहू लागले. २०१७ च्या मार्चअखेर खेड्यांतही सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. धंदा बसणार हे ओळखून अनेकांनी जुनी वायर उतरवली आणि फायबर चढवली. भारत संचार निगमनेही घरोघरच्या फायबरसाठी या मंडळींना उत्पन्नात वाटा देऊन भागीदार करून घेतलं. मग २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर गेल्या आणि मुंबई-पुण्याचे नोकरदार लॅपटॉप घेऊन गावी परतले. कोकणात रेंजसाठी सड्यावर, पावसात छत्री धरून बसलेली मुलं सगळ्यांनी पाहिली. त्या वर्षात केबलवाल्याचा फोन थांबत नव्हता.

त्याचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. ओट्यावर एक फडकं अंथरलं जातं, कारण तुटलेली काच सुईसारखी बोटात शिरते आणि घरात रांगतं पोर असतं. आधी तारेचं काळं आवरण सोलायचं, मग रंगीत लेप काढायचा. उरते ती १२५ मायक्रॉन जाडीची काच, केसाहून जरा जाड. अल्कोहोलच्या कापसाने ती पुसायची. नीट पुसली गेली की काच बारीक किरकिरते. क्लीव्हरवर सरळ काप घ्यायचा. दोन टोकं यंत्रात समोरासमोर ठेवली की छोट्या पडद्यावर दोन करड्या दांड्या एकमेकींकडे सरकताना दिसतात, ठिणगी पडते आणि काच काचेत वितळून एक होते. वर बारीक नळी सरकवून ती गरम केली की जॉइंट झाला. मग मीटर लावून पाहायचं. पोचलेला प्रकाश उणे वीस-बावीस डीबीएम आला तर काम चोख. उणे सत्तावीसच्या खाली गेला तर कुठेतरी तार फार वाकली आहे किंवा जोड कच्चा आहे. पुन्हा सोलायचं, पुन्हा पुसायचं. घरातली मंडळी डब्यावरच्या लाल दिव्याकडे डोळे लावून बसतात. तो विझून हिरवा लागला की आतून कुणीतरी हमखास विचारतं, पासवर्ड काय?

या काचेचा एक मोठा झरा महाराष्ट्रातच आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्रा इथल्या स्टरलाइटच्या कारखान्यांत ती बनते आणि परदेशातही जाते.

सरकारलाही शेवटच्या तुकड्याचं महत्त्व पटलं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १.३९ लाख कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर केली. आता गावं एका ओळीत न ठेवता कड्यात जोडायची आहेत, म्हणजे एका बाजूने कट गेला तरी दुसऱ्या बाजूने नेट सुरू राहील. पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांत फायबर द्यायचं ठरलं आहे. घरापर्यंतची जोडणी आणि देखभाल गावातल्याच उद्यमीकडे आणि उत्पन्नात त्याचा निम्मा वाटा. केबलवाला पंचवीस-तीस वर्षं जे काम करत आला, त्याला योजनेत नाव मिळालं. हे आधीच व्हायला हवं होतं.

उसाच्या पट्ट्यात तोड संपली की पाचट पेटतं आणि बांधावरून गेलेली तार वितळते. कोकणात वानरं तारेला लोंबकळतात. म्हणून जाणता जोडणारा घराबाहेर खिळ्याला तारेचं चार-पाच मीटरचं वेटोळं अडकवून ठेवतो. काच ताणून पुरवता येत नाही, आणि प्रत्येक नव्या जोडाला दोन्ही टोकांची थोडी लांबी खर्ची पडते. ज्या घराचं वेटोळं लहान झालंय, तिथे दोन-चार कट सांधून झालेत, हे तो खालूनच ओळखतो.