सातबाऱ्याची संहिता

जालना जिल्ह्यातील वाटूर या गावच्या कोणत्याही सातबारा उताऱ्याच्या माथ्यावर आज एक ठरावीक ओळ असते : गाव वाटूर, तालुका परतूर, जिल्हा जालना. ही ओळ वाचताना आपण सहसा थांबत नाही. खरे तर उताऱ्याचा इतिहास तिथेच सुरू होतो. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला, त्याआधी परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता. १९६० पूर्वी तो मुंबई राज्यात, १९५६ पूर्वी हैदराबाद राज्यात आणि सप्टेंबर १९४८ पूर्वी निजामाच्या अमलाखाली होता. शेत आपल्या जागी राहिले. त्याच्याविषयी लिहिणाऱ्याचे राज्य, भाषा, लिपी, कालगणना आणि मोजमाप मात्र पुनःपुन्हा बदलत गेले. साहित्याच्या अभ्यासकाला हे वर्णन परिचित वाटावे. एकच मजकूर अनेक हातांतून, अनेक लिप्यांतून आणि अनेक प्रतींतून आपल्यापर्यंत पोहोचतो, तेव्हा आपण त्याला संहिता म्हणतो आणि त्याची पाठचिकित्सा करतो.

हा विचार आज करावा असे वाटण्याचे कारण एक न्यायनिर्णय आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी समीउल्ला विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. पी. एस. नरसिंह आणि न्या. जॉयमाल्य बागची यांच्या खंडपीठाने बिहारच्या नोंदणी नियमांतील एक अट रद्द ठरवली. विकणाऱ्याच्या नावाच्या फेरफाराचा पुरावा जोडल्याशिवाय खरेदीखत नोंदवायचे नाही, अशी ती अट होती. त्याच निकालात न्यायालयाने आपल्याकडील एक जुनी विसंगती पुन्हा मांडली. खरेदीखताची नोंदणी म्हणजे मालकी सिद्ध होणे नव्हे. ती विसंगती दूर करण्यासाठी ब्लॉकचेन तंत्राचा विचार व्हावा आणि विधी आयोगाने त्याचा अभ्यास करावा, असेही न्यायालयाने सुचवले. तेव्हापासून जमिनीच्या कागदांचे सारे दुखणे आता यंत्राने बरे होईल, असा सूर ऐकू येऊ लागला आहे. या सुराकडे इतिहासाच्या बाजूने पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

ब्लॉकचेनची कल्पना तशी अवघड नाही. व्यवहारांचे गठ्ठे करायचे, प्रत्येक गठ्ठ्यावर आधीच्या गठ्ठ्याचा गणिती ठसा उमटवायचा आणि या साऱ्या वहीच्या प्रती अनेक ठिकाणी ठेवायच्या. मधले एखादे पान कोणी गुपचूप बदलले तर पुढचे सारे ठसे चुकतात आणि चोरी उघडी पडते. एका कारकुनावर विश्वास ठेवण्याऐवजी अनेक साक्षीदारांवर विश्वास ठेवायचा, हे तिचे मर्म आहे.

आता हे मर्म आपल्याला सर्वस्वी नवे आहे का? मराठेशाहीतील महजर डोळ्यांसमोर आणावा. वतनाचा किंवा शिवेचा तंटा उभा राहिला की गोत जमे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार यांच्यासमोर दोन्ही पक्षांची तकरीर होई, निवाडा लिहिला जाई आणि त्यावर प्रत्येकाची निशाणी पडे. पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी, शेट्याचा तराजू, आणि ज्याला अक्षर येत नाही त्याच्या धंद्याचे हत्यार. हा निवाडा कोणा एकाच्या पेटीत बंद नसे, तो गावाच्या सामूहिक स्मरणात असे. पुढे कोणी खोटा कागद पुढे केलाच, तर त्याला या साऱ्या निशाण्यांशी सामना करावा लागे. साक्षीदारांची ही साखळीच म्हणायची. अर्थात या व्यवस्थेचे गुणगान करताना एक गोष्ट विसरता येत नाही. त्या गोतात स्त्रियांना स्थान क्वचितच होते, आणि ज्यांची निशाणी कागदाच्या तळाशी पडे त्यांचे स्थान गावातही तळाशीच होते. साक्ष अनेकांची असली म्हणून ती सर्वांची असतेच असे नाही.

इंग्रजी अमलात कागदाचे स्वरूप पालटले. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३०च्या दशकात इंदापुरापासून जी मोजणी व जमाबंदीची पद्धत बसवली, तिचा हेतू सारा ठरवणे हा होता. सरकारला मालक शोधायचा नव्हता, सारा भरणारा शोधायचा होता. याची खूण आजच्या सातबाऱ्याच्या भाषेतही टिकून आहे. त्यावर नाव असते ते भोगवटादाराचे, म्हणजे जमिनीचा भोगवटा ज्याच्याकडे आहे त्याचे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढेच. ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ या तीन शब्दांच्या फटीत या राज्यातील कितीतरी दिवाणी दावे नांदत आले आहेत.

कागद ज्याच्या हाती त्याची सत्ता, हे शेतकऱ्याला फार लवकर उमगले होते. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून जो उठाव पसरला, त्यात शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांच्या खतपत्रांवर होता. ती हिसकावून जाळण्यात आली. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्यांच्या दस्तऐवजांसाठी ग्रामनोंदणीची तरतूद केली, ती या जाळपोळीच्या पार्श्वभूमीवर. १८८३ मध्ये लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी कुलकर्ण्याच्या लेखणीवर जो कोरडा ओढला, त्याचेही कारण हेच आहे. निरक्षर माणसाच्या बाबतीत लबाडी होते ती नोंद पुढे बदलताना होतेच, पण त्याहून अधिक ती नोंद पहिल्यांदा लिहिताना होते. हा मुद्दा पुढील विवेचनासाठी कळीचा आहे.

मराठवाड्याची कहाणी आणखी गुंतागुंतीची आहे. पहिल्या सालारजंगांच्या कारकिर्दीत निजामाच्या राज्यात जिल्हाबंदी झाली आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी आली. महसुलाचा हैदराबादी कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे साधारण १९०७ सालचा. गावातल्या पटवाऱ्याची वही मोडी मराठीत, वरच्या कचेरीतले दफ्तर आधी फारसीत आणि पुढे उर्दूत. म्हणजे वाटूरसारख्या गावातील शेताचे वर्णन तहसिलीत पोहोचेपर्यंत त्याचे एकदा भाषांतर होऊन गेलेले असे. १९५० च्या हैदराबाद कूळकायद्याने संरक्षित कुळांच्या नोंदी केल्या आणि १९५४-५५ मध्ये गावोगाव खासरा पत्रक तयार झाले. कोणते शेत, किती क्षेत्र, कोणाच्या नावे, प्रत्यक्ष कसतो कोण, हे त्यात लिहिले गेले. जुन्या हैदराबाद राज्यात, आजच्या तेलंगणातही, हे पत्रक जमिनीची पायाभूत नोंद मानले जाते. पटवाऱ्याने त्या वर्षी ज्याचे नाव लिहिले त्याचा हक्क कागदावर आला. ज्याचे नाव लिहिले नाही त्याला पुढची पिढीच्या पिढी तोंडी पुराव्यावर काढावी लागली.

या जुन्या थराचे मोल किती, हे अलीकडे जालना जिल्ह्यातूनच साऱ्या राज्याला कळले. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे यांचे उपोषण सुरू झाले आणि सप्टेंबरमध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली. मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधताना जी कागदपत्रे तपासली गेली, त्यांत खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कूळ नोंदवही, हक्क नोंद पत्रक अशी महसुली दफ्तरेही होती. तहसिलींमध्ये मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. आरक्षणाच्या वादाविषयी कोणाचे मत काहीही असो, अभ्यासक म्हणून एक गोष्ट नोंदवायला हवी. जमिनीच्या कागदाच्या कोपऱ्यात कोणा पटवाऱ्याने सहज लिहिलेला एक शब्द पाऊणशे वर्षांनी नातवाच्या शिक्षणाशी आणि नोकरीशी जोडला जातो. दफ्तराला निरुपयोगी भाग नसतो. ‘आवश्यक तेवढेच’ रकाने संगणकात उतरवायचे असे ठरवणारा माणूस पुढच्या पिढीच्या प्रश्नांविषयीही नकळत निर्णय घेत असतो.

संगणकीकरणाचा इतिहास आपण समजतो तितका नवा नाही. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला. राज्यात ई-फेरफार आले, आणि १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. या क्रमात एक टप्पा मला फार अर्थपूर्ण वाटतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली. २०१७ मध्ये संगणकीकृत सातबाऱ्यांचे चावडीवाचन झाले. हस्तलिखितातून संगणकात उतरताना नावे चुकली होती, क्षेत्रांची बेरीज जुळत नव्हती, जुन्या नोंदी गळल्या होत्या. तेव्हा उतारे गावासमोर वाचून दाखवायचे, हरकती घ्यायच्या आणि मग दुरुस्ती करायची, असे ठरले. लेखी संहिता मौखिक परंपरेसमोर उभी करून शुद्ध करून घ्यायची, हा मार्ग मराठीच्या विद्यार्थ्याला परका वाटू नये. २०२१ च्या ई-पीक पाहणीने तर गाव नमुना बाराची लेखणी काही अंशी शेतकऱ्याच्याच हाती दिली. आणि १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवून मृत खातेदारांच्या वारसांची नावे लावण्याचे काम हाती घ्यावे लागले, यावरून मोहिमेआधीच्या उताऱ्यांची अवस्था लक्षात येते. डिजिटल स्वाक्षरीने प्रमाणित झालेल्या उताऱ्यावरचा माणूस हयात असेलच, याची हमी ती स्वाक्षरी देत नव्हती.

इथे मराठवाड्यातीलच पैठणच्या एकनाथांचे स्मरण होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या उपलब्ध प्रती ताडून पाहिल्या, शिरलेले अपपाठ दूर केले आणि प्रत शुद्ध केली. त्यानंतर, यात आता कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावले. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबातली एका पैची चूक शोधण्यासाठी ते रात्रभर जागले, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. इतिहास आणि आख्यायिका, दोन्हींत क्रम एकच आहे. आधी शोधन, मग कुलूप. ब्लॉकचेन हे अतिशय उत्तम कुलूप आहे. ते शोधन करत नाही. अपपाठ असलेल्या प्रतीला हे कुलूप घातले तर तो अपपाठच प्रमाण होऊन बसतो, आणि त्याला आव्हान देणारा माणूस आता एका कारकुनाशी नव्हे तर गणिताशी भांडताना दिसतो.

जगाचा अनुभव याहून वेगळा नाही. जॉर्जियाने २००४ मध्ये सार्वजनिक नोंदणीची नवी संस्था उभारून भ्रष्ट व्यवस्था आधी निस्तरली आणि २०१६ नंतर नोंदींचे ठसे ब्लॉकचेनवर ठेवले, तो प्रयोग टिकला. होंडुरासमध्ये २०१५ साली गाजावाजा होऊन मांडलेली योजना रखडली. आपल्या जवळचे उदाहरण तेलंगणाचे, कारण त्याच्या दफ्तराचा पाया मराठवाड्याचाच, म्हणजे खासऱ्याचा. तिथे ऑक्टोबर २०२० मध्ये ‘धरणी’ हे संकेतस्थळ आले. ते ब्लॉकचेन नव्हते, पण ‘एकदा नोंद झाली की झाली’ ही वृत्ती तीच होती. प्रत्यक्ष वहिवाटदाराचा रकाना गेला, चुकीविरुद्ध दाद मागण्याची सुलभ वाट राहिली नाही. तक्रारी इतक्या साचल्या की २०२५ मध्ये ‘भू भारती’ हा नवा कायदा आणून अपिलाची सोय करावी लागली. आंध्र प्रदेशाने मालकीची हमी देणारा २०२२ चा कायदा २०२४ मध्ये रद्द केला. महाराष्ट्रातही ब्लॉकचेन अगदीच अनोळखी नाही. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात जातप्रमाणपत्रे तिच्यावर नोंदवण्याचा उपक्रम झाला. प्रमाणपत्र बनावट नाही, हे त्यातून लगेच ताडता येते. ते देताना कोणाची कागदपत्रे अपुरी ठरली, हे त्यातून कळत नाही.

मराठवाड्यात या ‘अपुऱ्या कागदां’चा प्रश्न गायरानावर सर्वांत तीव्र होतो. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, पुढे एकनाथ आवाडांनी हा लढा मराठवाड्यात चालवला. गायरान कसणाऱ्या दलित कुटुंबांचे नाव सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून नसते. असलेच तर ते गाव नमुना एक-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणांच्या नोंदवहीत, आणि दंडाच्या पावत्यांवर असते. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याची वाट दाखवली, तेव्हा गुन्ह्याचा तो कागदच हक्काचा पुरावा ठरला. ज्याला दंड झाला तो तिथे कसत होता! दफ्तराचा असा उलटा पाठ काढता आला, कारण त्या जीर्ण वह्या कुठेतरी शिल्लक होत्या आणि कायद्याने त्या उघडायला मज्जाव केला नव्हता. बहिणींच्या हक्कसोडपत्रांचेही तसेच. साखळी त्या सहीची वेळ सेकंदापर्यंत जपेल. सही करताना घरात काय बोलले गेले, त्याचा रकाना कोणत्याच नमुन्यात नाही.

याचा अर्थ तंत्र नाकारावे असा मुळीच नाही. तलाठ्याच्या कपाटातील वहीवर शाई सांडणे, पान गहाळ होणे, मागील तारखेचा फेरफार उमटणे हे आपण सर्वांनी ऐकले-पाहिले आहे, आणि नेमकी ही लबाडी रोखण्याची ताकद साखळीत आहे. प्रश्न क्रमाचा आहे. वाटूरच्या सातबाऱ्याला कुलूप घालण्यापूर्वी परतूरच्या आणि, जुना जिल्हा पाहता, परभणीच्या दफ्तरातील खासरा, पाहणी, कूळनोंदी आणि एक-ई या साऱ्या प्रती ताडल्या जाणार का? मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे त्यासाठी तयार होणार का? हे काम महसूल खात्याचे आहे, तसेच काही अंशी आपल्या मराठी विभागांचेही आहे. मोडीचे वर्ग आपण बखरी आणि पत्रे वाचण्यासाठी चालवतो. त्याच वर्गात एक दिवस पाहणी पत्रकाची छायाप्रत ठेवावी, त्यातील प्रत्येक संक्षेप सोडवायला विद्यार्थ्यांना सांगावे आणि मग त्याच गटाचा आजचा डिजिटल उतारा शेजारी ठेवावा. दोन्हींत काय जुळत नाही, याची यादी त्यांनी करावी. ती यादी मग गावाच्या चावडीवर वाचली जावी, आणि कुलपाची चर्चा त्यानंतर व्हावी.