सुटणे

सुटणे : मराठीतील अकर्मक क्रियापद, सकर्मक रूप सोडणे. इंग्रजीत ‘सेट ऑफ’, ‘लेट आऊट’ यांसारख्या प्रयोगांत क्रियापदास जोडलेले अव्यय जो अर्थभेद साधते, तो येथे सोबतचे नाम व विभक्ती साधतात. छत्रपती संभाजीनगरातील हर्सूल येथील मध्यवर्ती कारागृहातून कोणी जामिनावर सुटतो, कोणी मुदत भरून सुटतो, तर कोणी निर्दोष सुटतो. क्रियापद एकच, परंतु कायद्याच्या दृष्टीने तिघांची अवस्था सर्वस्वी भिन्न. ‘-तून’, ‘-वरून’ हे प्रत्यय असता बंधनमुक्ती किंवा प्रस्थान व्यक्त होते : कैदी तुरुंगातून सुटतो, गाडी फलाटावरून सुटते. ‘-ला’ असता मात्र उद्गम किंवा प्राप्ती : अंगाला घाम सुटतो, तोंडाला पाणी सुटते, उन्हाळी आवर्तनात कालव्याला पाणी सुटते आणि निवडणुकीच्या वाटाघाटींत जागा एखाद्या पक्षाला सुटते, हा शेवटचा प्रयोग वृत्तपत्रांनी रूढ केलेला असला तरी भाषेच्या प्रकृतीस पूर्णतः अनुरूप आहे. वारा सुटतो, शाळा सुटते, पोट सुटते, गणित सुटते, या प्रयोगांत मात्र अशा प्रत्ययाची गरजच पडत नाही. मो. के. दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथाने विभक्त्यर्थांची सविस्तर चिकित्सा केलेलीच आहे; अर्थ असा विभक्तीनुसार बदलत असल्याने कोशकारांनी या क्रियापदाचे अर्थ नुसते क्रमांकाने न देता प्रत्येकासोबत त्याची विभक्ती नोंदविणे अत्यावश्यक आहे.