जमिनीचे तुकडे बहिणीने केले का?

वडिलांच्या जमिनीची वाटणी निघाली की आपल्या अनेक घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘बहिणींना हिस्सा दिला तर जमिनीचे तुकडे होतील. तुकड्यावर काय पिकणार?’ मग बाजीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि सातबाऱ्यावर फक्त भावांची नावं उरतात. कुरआनने सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे. तो नाकारताना कारण मात्र दीनचं नसतं, शेतीचं असतं. म्हणून हे कारण शेतीच्या इतिहासातच तपासून पाहू.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी केली. ती १९१७ साली पुस्तकरूपाने आली. जुनी दफ्तरं तपासून त्यांनी दाखवलं की, १७७१ मध्ये या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरली होती. त्यांतले ४६३ तुकडे एक एकराहून लहान होते आणि ११२ तर पाव एकराहूनही लहान. बहुतेक कुटुंबांचं निव्वळ शेतीवर भागत नव्हतं.

आता नीट पाहा. हे गाव बहुतांश हिंदू शेतकऱ्यांचं. त्या काळच्या हिंदू कायद्यात मुलगे असताना मुलीला वडिलांच्या जमिनीत साधारणपणे वाटा मिळत नसे. म्हणजे बहिणींना काही न देताही ४० एकरांचे ७ एकर झाले. तेव्हा दोष बहिणीच्या हिश्श्यावर कसा टाकणार?

खरं तर इथे दोन गोष्टींची गल्लत होते. वारसांची संख्या वाढली की प्रत्येकाचा वाटा लहान होतो, ही झाली वाटणी. पण काळी जमीन, माळ, विहिरीखालचं रान यांतल्या प्रत्येकात प्रत्येक भावाला पट्टा हवा असतो, म्हणून एकेक शेत चिरलं जातं. हे झालं तुकडीकरण. कष्ट वाया जातात ते जास्त करून या दुसऱ्या प्रकारात. बांधात जमीन जाते, एका तुकड्यावरून दुसऱ्यावर औत नेण्यात वेळ जातो आणि अर्ध्या एकरासाठी स्वतंत्र विहीर खोदणं कोणाला परवडत नाही.

मग शेत लहान असणं हाच दोष का? १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की, शेत परवडतं की नाही हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. त्याच्या जोडीला बैल, अवजारं, भांडवल किती आहे यावरून ठरतं. ही साधनंच अपुरी असतील तर शेत मोठं करून उपयोग नाही. शेतीवर पडलेला माणसांचा भार कमी व्हायचा तर उद्योग वाढले पाहिजेत, असंही त्यांनी मांडलं. १९२७ मध्ये ठराविक मर्यादेखाली तुकडे पडू न देण्याचं विधेयक मुंबई कायदेमंडळात आलं, तेव्हा त्यांनी विरोध केला. अशाने लहान शेतकरी भूमिहीन होतील, त्यापेक्षा सहकारी शेती बरी, असं त्यांचं मत होतं.

पुढे १९५० च्या दशकात देशात शेतीखर्चाच्या पाहण्या झाल्या. त्यांच्या आधारे अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्ये लिहिलं की, लहान शेतात एकरी उत्पन्न बऱ्याचदा मोठ्या शेतापेक्षा जास्त निघतं. कारण घरची माणसं राबतात. मजूर लावणारा मोठा शेतकरी मजुरीचा हिशेब बघून हात आखडतो. घरचे लोक आणखी एक खुरपणी करतात. अर्थात एकरी पीक जास्त म्हणजे माणशी कमाई जास्त, असं नाही. लहान शेतकऱ्याची गरिबी त्यामुळे संपत नाही. पण ‘लहान शेत पिकत नाही’ हे सरसकट खरं नाही, हे नक्की. आणि घरच्या या राबत्या हातांत आई, बायको, बहीण यांचे हात किती असतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

हिस्सा देणं म्हणजे शेत चिरणं नव्हे. सातबाऱ्यावर भावांबरोबर बहिणीचं नाव लावून शेत सामाईक ठेवता येतं आणि पीक हिश्श्याप्रमाणे वाटता येतं. फिक्हमध्ये अशा अविभक्त मालकीला ‘मुशाअ’ म्हणतात. तिला जमीन नको असेल तर राजीखुशीने मोबदला ठरवून तिने हिस्सा सोडावा, यालाही ‘तखारुज’ हे नाव आहे. मात्र माहेर तुटेल या भीतीने केलेली सही म्हणजे राजीखुशी नव्हे.

शरियत ॲप्लिकेशन ॲक्ट १९३७ मध्ये आला, तेव्हा त्यातून शेतजमीन वगळली गेली. ते कायद्याचं झालं. घरात बसून वाटणी करताना आपल्याला कोणी अडवलेलं नाही. शेताची काळजी असेल तर विहीर, बांध, बियाणं आणि कर्ज यांचा विचार एकत्र बसून करू या, आणि त्या बैठकीला बहिणीलाही बोलावू या.