एकोणसाठने सुरू होणारा पत्ता

२००६ च्या पावसाळ्यात बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी पुण्याला माहेरी गेले होते. तिथे भोपाळहून फोन आला. भोपाळच्या एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या पत्रिकेत अध्यक्षांच्या आडनावातली वेलांटी चुकली होती. फाइल होती तिथल्या बिट्टन मार्केटच्या मागे, आमच्या घरातल्या संगणकात. पत्रिका दुसऱ्या दिवशी छापायला जायची होती.

आज कुणीही म्हणेल, फाइल मागवून घ्यायची. पण तेव्हाची मराठी तशी प्रवास करत नसे. युनिकोड आलेलं असलं, तरी आम्ही डीटीपीवाले जुन्याच फाँटांत काम करायचो. त्यांत प्रत्येक मराठी अक्षर एखाद्या रोमन अक्षराच्या जागेवर बसवलेलं असे. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की ‘श्री गणेशाय नमः’ च्या जागी कंस, टिंबं आणि डॉलरची खूण. त्यात माझ्या सॉफ्टवेअरचं कुलूप, म्हणजे एक छोटी डबी, संगणकाच्या पाठीमागे खोचलेली. डबी नाही तर सॉफ्टवेअर नाही. त्याही आधी, ऐंशीच्या दशकात, भारतीय लिपींसाठी संगणकात चक्क एक कार्ड बसवावं लागे. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं ते जिस्ट तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलं. थोडक्यात, मराठी यंत्राच्या पोटात असायची. तिच्यापाशी आपणच जायचं.

दुरून यंत्रापाशी जायची युक्ती जुनी आहे. टेलनेट १९६९ पासूनचं. त्यात पासवर्डसुद्धा उघड्या पोस्टकार्डासारखा जाई. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा १९९५ मध्ये तातू युलोनेन यांनी सगळं कुलूपबंद नेणारं एसएसएच लिहिलं. पण हा कारभार काळ्या पडद्यावरच्या अक्षरांचा. घरचा अख्खा पडदा दुसरीकडे दाखवणारं पीसीएनीव्हेअर १९८६ चं, फोनच्या तारेवरून चालणारं. तेही आम्ही एकदा करून पाहिलं. आमच्या ह्यांनी इंदूरहून फोन लावायचा आणि घरच्या मोडेमने तो उचलायचा, असं ठरलं. पण फोन वाजला की तो आपण उचलायचा, ही सासूबाईंची साधी समजूत. पलीकडून मोडेमच्या शिट्ट्या. आई म्हणाल्या, “कोण मेला शिट्ट्या मारतोय?” आणि ठेवून दिला. तीनदा. एसटीडीचं बिल मात्र तिन्ही वेळचं आलं.

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं आणि फोन व इंटरनेट एकाच तारेवर, एकाच वेळी चालू लागलं. विंडोज एक्सपीच्या प्रोफेशनल आवृत्तीत रिमोट डेस्कटॉपची सोय २००१ पासूनच होती. होम आवृत्तीतून दुसरीकडे जाता येई, पण तिच्याकडे कुणाला येता येत नसे. माझ्याकडे प्रोफेशनल होतं. भाच्याने मोडेममध्ये ३३८९ नंबरचं दार उघडून ठेवलं होतं. दार होतं, पण घराचा पत्ता रोज बदले! जोडणी तुटली, वीज गेली की नवा आयपी नंबर. आणि वीज जायचीच. २००३ ची मध्य प्रदेशची निवडणूक बिजली, सडक, पानी यावरच लढली गेली होती. त्यानंतरही पावसाळ्यात आमचा यूपीएस कोकलत असे.

तेव्हा पत्रिकेच्या त्या फोननंतर मी पुण्यातल्या सायबर कॅफेत बसून आधी घरी फोन लावला. २००६ च्याच मार्चपासून ‘वन इंडिया’ योजनेत देशभर रुपया मिनिट झाला होता, म्हणून एवढं बोलणं परवडलं.

“आई, कॉम्प्युटर चालू करा. खालचं मोठं बटण.”

“केला. गणपती आला.” गणपती म्हणजे माझा वॉलपेपर.

मग भाच्याने डेस्कटॉपवर करून ठेवलेल्या खुणेवर दोनदा टिचकी, आणि आईंनी चष्मा लावून नंबर वाचायचा. “एकोणसाठ… टिंब… पंच्याण्णव… टिंब…” आई मूळच्या सागरच्या. मध्येच हिंदी आकडे येत. ‘उनहत्तर’ म्हटल्यावर मी एकोणऐंशी लिहिलं आणि दहा मिनिटं दुसऱ्याच कुणाचं तरी दार ठोठावत बसले. उनहत्तर म्हणजे एकोणसत्तर!

लागलं तेव्हा निळा, कोरा पडदा. गणपती नाही. चुकून परक्याच्या घरात शिरले की काय? मंद जोडणीवर विंडोज वॉलपेपर गाळून टाकतं, हे मागाहून कळलं. तेव्हाच्या ब्रॉडबँडमध्ये घराकडे येणारा रस्ता रुंद आणि घरातून बाहेर जाणारा अरुंद असे. माझ्या घरचा पडदा त्या अरुंद रस्त्याने पुण्याला येत होता. माऊस हलवला की बाण अडखळत मागून येई. पण मराठी! त्या कॅफेच्या संगणकात एकही मराठी फाँट नव्हता, तरी माझी पत्रिका शुद्ध, ठसठशीत देवनागरीत समोर उभी. फाँट काम करत होता भोपाळात, पुण्यात पोचत होतं नुसतं चित्र. युनिकोडच्या बाजूने लिहिणारे ही आमची पळवाट कधी नोंदवत नाहीत, म्हणून मी नोंदवते आहे.

तेवढ्यात फोन. “अगं, इकडे सगळं बंद झालं, पासवर्ड मागतोय!” रिमोटवाला आत शिरला की घरच्या पडद्याला कुलूप लागतं. “आई, मीच आहे आत.” थोडा वेळ शांतता. “बरं. मग मी हाटात जाऊन येऊ?”

वेलांटी दुरुस्त केली आणि प्रिंटची आज्ञा दिली. माझ्या घरच्या प्रिंटरमधून बटर पेपरवर पत्रिका निघाली. प्रेसचा मुलगा आला, तेव्हा ती आईंनीच त्याच्या हाती दिली.

पुढे सगळं सोपं झालं. जर्मनीत २००५ मध्येच निघालेलं टीमव्ह्यूअर आमच्याकडे जरा उशिरा पोचलं. त्यात पत्त्याऐवजी एक नंबर पुरे; दोन्ही यंत्रं मधल्या सर्व्हरवर भेटतात, पत्ता बदलला तरी अडत नाही. मीही युनिकोडवर आले. मग याच सोयीने चोर शिरू लागले. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क या तशाच ॲपवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं. आमच्या कॉलनीत आता ज्येष्ठांना बजावतात की फोनवर कुणी नंबर विचारला, तर वाचून दाखवू नका. मला दर वेळी आई आठवतात.

त्या गेल्यावर त्यांची हिशेबाची वही माझ्याकडे आली. बिट्टनच्या हाटातला भाजीचा हिशेब, मोडी वळणाच्या अक्षरात. २००६ च्या पानांवर मेथी, टोमॅटो, आलं यांच्यामध्ये चार-चार आकड्यांच्या ओळी आहेत, मध्ये टिंबं दिलेल्या. प्रत्येक एकोणसाठने सुरू होणारी. एका पानावर बेरीज करताना आईंनी त्याही धरल्यात आणि मग पूर्ण बेरीज खोडून खाली लिहिलंय, ‘हे सुनेचे.’